बॉनेटचं रबर

त्या वर्षी र्‍हाइन मे महिन्यातच आटली. मार्चपासून धड पाऊस नव्हता. काठाची दगडं उघडी पडली, मधे वाळूचे पट्टे वर आले आणि मालाच्या लांबलचक नावा निम्म्या रिकाम्याच जाऊ लागल्या. लुडविग्सहाफेनच्या खालच्या अंगाला नदीच्या जुन्या फाट्यावर एक खेडं आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी शतावरीच्या वाफ्यांवर पाइप टाकले, म्हाताऱ्यांनी आभाळाकडे बघून माना हलवल्या, आणि हाउकच्या बोटींच्या वर्कशॉपातलं काम बसलं. पाणीच नाही तर बोट बाहेर काढतंय कोण?

सुकन्या त्या वर्कशॉपात कामाला होती. मूळची इचलकरंजीची. मिरजेला मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. लग्नानंतर तो जो बासनात गेला तो जर्मनीत नवऱ्याची नोकरी गेली तेव्हाच बाहेर निघाला. नवरा, हृषिकेश, शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. दसरा झाला आणि कंपनीनं त्याची अख्खी टीमच बंद करून टाकली. त्यांचा इथला मुक्काम त्याच्या नोकरीवर टांगलेला होता, आता तो सुकन्याच्या नोकरीवर टांगला गेला. परदेशी लोकांच्या कचेरीतली बाई गोड बोलून स्पष्ट सांगून मोकळी झाली होती: उन्हाळ्याआधी दोघांपैकी एकाची पक्की नोकरी दाखवा, नाहीतर निघायची तयारी ठेवा. आणि हाउकनं सुकन्याला ठेवलं होतं प्रोबेत्साइटवर, म्हणजे परीक्षेवर. मे संपला की एकतर पक्की, नाहीतर रामराम.

घरी हृषिकेशची तऱ्हा वेगळीच होती. सुरुवातीला रोज अर्ज करायचा, मुलाखतींना इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचा. मग संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी तो उठलाच नाही. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. डॉक्टरणीनं आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या. नाव घेऊन सुकन्या काय करणार? तिला एवढंच दिसत होतं की चांगला धडधाकट माणूस दिवसेंदिवस अंघोळ करत नाही, पोरीशी बोलत नाही आणि उशीला तेलकट डाग पडलेत. ती रडली, भांडली, हात जोडून झाले. शेवटी गप्प बसली. घरातलं एकच काम तो करायचा, तेही खाली मान घालून: संध्याकाळचा कुकर. डाळ-तांदूळ धुवायचा, आणि झाकण लावायच्या आधी कुकरच्या रिंगवरून तेलाचं बोट फिरवायचा. त्याची आई तसंच करायची. थंडीत रिंग आखडते, शिट्टी होत नाही. तेलाचं बोट लागलं की मुकाट बसते.

मेच्या मध्यावर इथं चार दिवस थंडी उलटून येते. गावातले लोक तिला बर्फाचे संत म्हणतात आणि ते संत गेल्याशिवाय टोमॅटोचं रोप जमिनीत लावत नाहीत. त्या वर्षी संत चांगलेच तापट निघाले. वर्कशॉपाच्या पत्र्याखाली हात बधिर व्हायचे. अशा शुक्रवारी हाउकनं तिला जेट-स्कीपाशी नेलं. पाण्यावरची मोटारसायकलच ती. काळीभोर, मॅनहाइमच्या एका दातांच्या डॉक्टरची. पुढचं बॉनेट उचललं की आत इंजिनाची पोकळी. त्या पोकळीच्या ओठाभोवती रबराची जाड पट्टी असते, बॉनेट तिच्यावर घट्ट बसतं आणि पाणी बाहेर राहतं. ही पट्टी चपटी होऊन गेली होती, कोपऱ्यांत चिरली होती. डॉक्टर म्हणत होता, जरा वेगात गेलं की आत पाणी येतं.

हाउक कमरेनं अधू, पासष्टीचा, थोडकं बोलणारा. त्याला दुपारी स्पायरला कमरेच्या डॉक्टरकडे जायचं होतं. त्यानं नव्या रबराचं वेटोळं तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, जुना गोंद पार खरवडायचा, स्पिरिटनं पुसायचं, बोट लावायचं नाही, मग नवा गोंद, मग रबर. ताणायचं नाही, सांधा मागच्या बाजूला घ्यायचा. डॉक्टर उद्या येणार. जाता जाता दारात थांबून म्हणाला, "हां तर, हे काम तुझं एकटीचं. हे नीट झालं तर मला पुढचं काही बघायचं नाही." आणि नेहमीसारखं बजावलं की वर्कशॉपात बाहेरचं कुणी येता कामा नये. हात कापला, काही बिघडलं, तर विमा त्याच्या माणसाचा आहे, परक्याचा नाही.

म्हणजे नोकरी, मुक्काम, पोरीची शाळा, सगळं त्या काळ्या रबरात येऊन बसलं. सुकन्यानं केस बांधले आणि कामाला लागली.

जुनं रबर तुकड्यातुकड्यानं निघालं. गोंद मात्र चिवट. खरवडून खरवडून तिची बोटं फुटली. भेगांना लावायला ती पिशवीत खोबरेल ठेवायची, पण त्या थंडीत बाटलीतलं तेल गोठून पांढरंफटक झालेलं. नाद सोडला. बॉनेट वर धरणारा दांडा मोडका होता, म्हणून तिनं लाकडाची फळी टेकू लावली होती. फळी दोनदा सरकली. तिसऱ्यांदा बॉनेट धाडकन तिच्या मनगटावर आलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मनगट मांड्यांत दाबून ती ओल्या फरशीवर बसून राहिली. नवं रबर थंडीनं वेताच्या काठीसारखं ताठ झालं होतं. एका हातानं बॉनेट पेलायचं आणि दुसऱ्या हातानं ते कोपऱ्यावर वळवायचं, हे एकटीचं काम नव्हतंच. हाउकला फोन लावला. बंद. गोंदाला सुकायला रात्र लागते, डॉक्टर सकाळी दारात उभा राहणार.

तिनं घरी फोन लावला. कशाला लावला, तिलाही सांगता आलं नसतं. तो उचलणार नाही याची खात्री होती. पण त्यानं उचलला. "हृषी, मला एक झाकण धरायला माणूस पाहिजे रे," ती म्हणाली आणि तिला हुंदका आला. पलीकडून फोन कट झाला.

तिनं नाक पुसलं, परत फळी लावली. आणि थोड्या वेळानं दार सरकलं. हृषिकेश उभा. पायजम्यावर जाकीट, पायात मोजे नि मोज्यांवर घरातल्या चपला. शेजारणीची सायकल मागून आणली होती म्हणे. शेजारणीशी बोलला! दाढी गळ्यापर्यंत आलेली, उजेडानं डोळे बारीक झालेले. हाउकचं बजावणं तिच्या डोक्यात वाजलं, पण त्याला परत पाठवायला तिची जीभ वळली नाही. तो पुढे आला आणि काही न विचारता बॉनेट दोन्ही हातांनी वर धरलं. पडून पडून दंडातली ताकद गेलेली, तरी त्यानं सोडलं नाही.

तिनं स्पिरिटनं कड पुसली, मागच्या बाजूनं गोंद भरत रबर दाबत निघाली. बाजूच्या कडा झाल्या. पुढचे कोपरे काही केल्या ऐकेनात. रबर गरम पाण्यात बुडवून मऊ करावं, म्हणून तिनं त्याच्या मदतीनं फळी नीट अडकवली आणि मागच्या खोलीत किटली लावायला गेली. किटली जुनी, पाणी उकळेपर्यंत जीव खाते.

ती पाणी घेऊन आली तर हृषिकेश जेट-स्कीवर वाकलेला. तिच्या पिशवीतली खोबरेलाची बाटली काखेत धरून त्यानं तेल पातळ केलं होतं, आणि राहिलेल्या रबराच्या खाचेतून आतून बाहेरून तेलाचं बोट फिरवून दोन्ही कोपरे बसवलेसुद्धा होते. कुकरची रिंग बसवतात तसे, अंगठ्यानं दाबत दाबत. रबर सुळकन गेलं होतं. तिनं लावलेला ताजा गोंद तेलात बरबटला होता.

"बसलं बघ," तो म्हणाला. आणि हसला.

चार महिन्यांत ते हसू तिनं पाहिलं नव्हतं. हाच माणूस लग्नाच्या पहिल्या वर्षी पुण्याच्या खोलीत गळका नळ दुरुस्त करून असा हसला होता. तिच्या हातात उकळतं पाणी होतं आणि डोक्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. तेलावर गोंद धरत नाही. हे सगळं उपटायचं, स्पिरिटनं धुवायचं, नव्यानं करायचं. त्यासाठी तोंड उघडून एवढंच म्हणायचं की हृषी, अरे हे काय करून ठेवलंस. एवढं वाक्य. ते तिच्यानं म्हणवलं नाही. तो परत भिंतीकडे तोंड करेल, ही भीती.

"बसलं की," ती म्हणाली.

तो गेल्यावर तरी तिनं उपटायचं. तसं मनात होतंही. पण तो गेलाच नाही. फरशी पुसली, हत्यारं नि तेलाची बाटली पुसून कपाटात ठेवली, तिच्याबरोबर सायकल ढकलत घरी आला. रात्री पोरीला त्यानं स्वतः भरवलं. उर्जा तिसरीत, मराठी सगळं कळतं पण बोलते जर्मनच. ती बापाच्या हाताचा वास घेऊन म्हणाली, "पापा, डू रीष्ट नाख कोकोस." पापाला खोबऱ्याचा वास येतो म्हणे. सगळे हसले. सुकन्याही हसली, आणि पाणी आणायला उठली.

शनिवारी ती पहाटेच वर्कशॉपात गेली. कडाक्याचा गारठा. बॉनेट उघडलं, रबर ओढून पाहिलं, हललं नाही. बंद करून नळीनं चारी बाजूंनी पाणी मारलं, परत उघडलं. आत थेंब नाही. तिनं स्वतःची समजूत घातली की बसलंय. माणसाला समजूत पाहिजे असली की ती सापडतेच. हाउकनं रबरावरून बोट फिरवून पाहिलं आणि नुसतं "गेनाऊ" म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. डॉक्टर गाडा जोडून जेट-स्की घेऊन गेला. तेल थंडीत गोठून मेणासारखं रबराला धरून बसलंय, हे त्या तिघांपैकी एकालाही दिसलं नाही.

रविवारी संत गेले. ऊन असं पडलं की गावकरी चड्डीवर बागेत आले. हृषिकेशनं दाढी केली. गालांवरची कातडी आतून पांढरी, कोवळी निघाली. सुकन्या त्याच्याकडे बघतच राहिली. दुपारी हाउकचा फोन आला. ये म्हणाला. ती तशीच निघाली.

जेट-स्की अंगणात गाड्यावर उभी होती आणि मागच्या भोकातून अजून पाणी ठिबकत होतं. हाउकनं एका दमात सांगितलं. डॉक्टर भर नदीत गेला, वेग घेतला, पुढचं रबर कोपऱ्यातून निसटून आत गेलं, इंजिनाच्या पोकळीत पाणी भरलं, इंजिन मेलं. नदी आटलेली, चालायला मधली चिंचोळी वाट तेवढी उरलेली, आणि त्याच वाटेनं वरून मालाची नाव येत होती. भोंगा वाजवत होती, थांबू शकत नव्हती. कुणी होडीवाला मधे घुसला आणि त्यानं डॉक्टरला दंडाला धरून ओढलं म्हणून तो घरी गेला. सुकन्यानं गाड्याचा दांडा धरला.

हाउकनं बॉनेट उघडलं. उन्हानं तापलेल्या पोकळीतून खोबरेलाचा वास भपकन बाहेर आला. देवघरातल्या समईसारखा, आईनं न्हायच्या आधी डोक्यावर थापलेल्या तेलासारखा. हाउकनं वास घेतला. मग त्यानं तिच्या तेल लावलेल्या केसांकडे पाहिलं. तिला वाटलं भर अंगणात आपल्या अंगावरचं कुणी ओढून घेतलं.

"तू?" त्यानं विचारलं.

"हो. मीच," सुकन्या म्हणाली.

तो पिंपावर बसला, कंबर दाबत. मग म्हणाला की गोंद विसरली असतीस तर समजलो असतो, पण तेल? असं कोण करतं? तिनं मान खाली घातली. तिनंच हात घालून ते लोंबतं रबर बाहेर काढलं, तेलानं हात माखले. शेवटी हाउक म्हणाला, "चूक माझ्या माणसाची आहे, तर विमा भरेल. माणूस वाचला. मी रात्री विचार करतो. सकाळी ये." आवाजात राग होता, पण दार त्यानं बंद केलं नव्हतं. सुकन्याला ते कळलं. फटीएवढा उजेड होता, आणि तो तिच्या खोट्यावर टेकलेला होता.

घरी हृषिकेशनं विचारलं, काय म्हणत होता? काही नाही, दुसरं काम होतं, म्हणाली. त्यानं विचारलं, रबर बसलं ना नीट? बसलं, ती म्हणाली. तेवढ्यात उर्जा येऊन तिला बिलगली, हात हुंगला आणि हसून म्हणाली, "मामा आउख." आईलाही येतो वास. हृषिकेशनं बायकोकडे पाहिलं. शुक्रवारचा वास रविवारी हाताला, म्हणजे रबर परत निघालंय, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. तो उठला, आत गेला, दार लोटून घेतलं. पलंग करकरला. सुकन्या ओट्यापाशी उभी राहिली. संपलं, तिला वाटलं. तीन दिवसांचं हसू होतं, तेही गेलं.

सकाळी ती उठली तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. नदी जवळ होती, आणि गेल्या चार महिन्यांत तिनं काय काय मनात आणलेलं नव्हतं? ती धावत बाहेर आली. हृषिकेश ओट्यापाशी उभा. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. ओट्यावर दोन डबे भरलेले, झाकणं उघडी, वाफ जायला ठेवलेली.

"मी येतो. त्याला सांगतो, मी केलं म्हणून," तो म्हणाला.

सुकन्याचा तोल गेला. आवाज दाबून तिनं जे मनात साठलं होतं ते सगळं त्याच्यावर ओतलं. परक्याला आत घेतलं हे कळलं की विमा नाही, नोकरी नाही, महिन्याभरात बाडबिस्तरा उचलायचा. पुण्यात घर सोडून दिलंय, जाऊन तुझ्या दादाच्या दारात उभं राहायचं? तो रोज ताटावर ऐकवेल. पोरीला साधं ‘क’ काढता येत नाही, तिला कुठल्या शाळेत घालायचं? चार महिने मी एकटी मरतेय, आणि तुला आज खरं बोलायची हौस आली?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. डब्याचं झाकण त्याच्या हातात तसंच होतं.

"तू खोटं बोललीस तर नोकरी राहील, खरं आहे," तो हळूच म्हणाला. "पण सुकन्या, मला मग उद्या उठता येणार नाही. मला माहितीय मी कसा आहे ते."

तिला त्याला मारावंसं वाटलं. गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. शुक्रवारी किटली हातात घेऊन ती उभी होती तोच क्षण परत पुढ्यात आला होता, फक्त या वेळी तो तिला विचारत होता. तिनं भिंतीकडे तोंड करून पडलेला तो पाठमोरा माणूस आठवला, आणि हाउकच्या दाराची ती फट आठवली. झाकणं लावली. "चल," म्हणाली.

उर्जाला शाळेत सोडून दोघं बांधावरून चालत गेले. वर्कशॉपात हाउक कॉफी घेऊन बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्याचा विचार झालाय, आणि चांगला झालाय. ते कळलं तेव्हा तिला सगळ्यात जास्त दुखलं. हृषिकेशनं नोकरीत शिकलेल्या मोडक्या जर्मनमध्ये, अडखळत, पण एकदाही मान खाली न घालता सांगितलं. मी आलो होतो. तेल मी लावलं. तिनं नाही.

हाउकनं कप खाली ठेवला. "हा इथं होता?" त्यानं तिला विचारलं.

"होता. मी बोलावलं," सुकन्या म्हणाली. "आणि तेल मी पाहिलं होतं. पाहून गप्प बसले."

हे दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. हाउकनं डोळे मिटले. त्यानं आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. तो उठला, कंबर धरून कपाटापर्यंत गेला, तिचे रबरी बूट काढून तिच्यापुढे ठेवले, आणि तिची खोबरेलाची बाटली. म्हणाला, त्याला असा माणूस पुन्हा मिळणार नाही, आणि त्याला तिला ठेवताही येणार नाही. मग हृषिकेशकडे वळून त्यानं हात पुढे केला. हृषिकेशनं तो धरला. थोडा वेळ दोघांनीही सोडला नाही.

बाहेर चांगलंच ऊन झालं होतं. दोघं बांधावर आले, आणि कुठं जायचं हे न ठरल्यामुळे बाकावर बसले. खाली नदीचं पात्र अर्धं उघडं पडलेलं. सुकन्या रडली, लपवलं नाही. इतके दिवस पोरीला ऐकू जाईल म्हणून दाबलेलं सगळं रडून घेतलं. हृषिकेश बूट मांडीवर घेऊन बसून राहिला. उगी म्हणाला नाही, त्याला तो हक्क नव्हता आणि ते त्याला ठाऊक होतं. तिचं रडणं ओसरल्यावर त्यानं डबा उघडला. डाळ-भात, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. तो खाऊ लागला. भुकेला माणूस खातो तसा, घासामागून घास. किती महिन्यांनी तो असा जेवत होता. तिला राग आला, आणि मग तिलाही भूक लागल्याचं कळलं. तिनं दुसरा डबा ओढला.

"उद्या कितीला उठायचं?" त्यानं विचारलं.

कामाला तर कुठं जायचं नव्हतं. कचेरीतल्या बाईला काय सांगायचं तेही ठरायचं होतं, आणि तिथून पुढे कुठल्या देशात कुठल्या दारात उभं राहायचं तेही.

"सहाला," सुकन्या म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि तिच्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली.